लोखंडात गाळा काढायचा: राउटर, ग्राइंडर की लेथवाल्याकडे फेरी?

सुताराच्या हातातलं राउटर लाकडात सुबक गाळा काढतं, तेच लोखंडावर का चालवू नये? चालतं. पण आधी काम कोणतं ते बघा. डवऱ्याच्या पट्टीतली लांबट खाच वेगळी आणि थ्रेशरच्या शाफ्टमधला चावीचा (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावी म्हणून मध्ये बसवायच्या लोखंडी तुकड्याचा) गाळा वेगळा.

राउटरची खरी अडचण वेगाची आहे. ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारं छोटं राउटर, मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेतो. त्यात ६ मिमीचा कटर लावला की त्याची धार मिनिटाला साडेपाचशे मीटरहून जास्त पळते. साध्या एमएसला (मऊ पोलादाला) कार्बाइडच्या, म्हणजे फार कडक धातूच्या, कटरसाठी शंभर-सव्वाशे मीटर पुरतात, हायस्पीड स्टीलच्या कटरला तर तीसच्या आसपास. म्हणून हायस्पीडचा कटर तिथे लगेच निळा पडून बोथट होतो. लाकडाच्या बिटाची टोकाला डाग दिलेली कार्बाइडची कपची तर उडते, आणि ती कुठे उडेल याचा नेम नाही. पंख्याचा डिमर लावून वेग उतरवायची युक्ती काहीजण सांगतात. पण वेगाबरोबर मोटरचा जोरही उतरतो आणि कटर लोखंडात अडकून बसतो.

तरीही करायचंच असेल तर वेग कमी-जास्त करता येणारं मोठं राउटर घ्या, सगळ्यात खालच्या वेगावर ठेवा आणि अखंड कार्बाइडचा एंडमिल (धातू कापायचा दांडीसारखा कटर) लावा. एका फेरीत ०.२-०.३ मिमीच खोली. तीन मिमीचा गाळा म्हणजे दहा-पंधरा फेऱ्या, भाऊ! पट्टी शिकंजात घट्ट हवी. यंत्र पुढे ढकलताना डावीकडे ओढ घेतं, त्यामुळे आधाराची सरळ पट्टी डाव्या हाताला क्लॅम्प करा. मोबदल्यात खोली सगळीकडे सारखी मिळते आणि फर्मा लावला तर वळणाचा गाळाही निघतो. या दोन गोष्टींत ग्राइंडर राउटरच्या जवळपासही येत नाही.

मात्र शेतीच्या अवजारात असा वळणाचा, उथळ गाळा कितीदा लागतो? फारच क्वचित.

पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गाळा हवा असेल तर चार इंची ग्राइंडर बरा. चकती स्वस्त, काम झटपट, आणि जुन्या गाडीच्या पाट्यापासून केलेली वखराची पास कडक असली तरी कापते. पण गाळा मध्येच थांबवायचा असेल तर चकतीची गोलाई आड येते: १०० मिमीच्या चकतीने ५ मिमी खोल जायचं तर वरच्या बाजूला जवळजवळ ४४ मिमी लांब काप पडतो. रुंदी वाढवायला पातळ चकती आडवी घासू नका, ती फुटते. आणि ठिणग्या! दिवाळीनंतर घरात कापूस, आवारात कुटार नि पऱ्हाटी असताना ग्राइंडर अंगणाबाहेरच चालवा. राउटर ठिणग्या कमी पाडतं, पण सुईसारखा गरम चुरा उडवतं. चष्मा दोन्हीला हवाच.

डवऱ्याचं दोन ओळींतलं अंतर कमी-जास्त करायला पट्टीत आरपार खाच लागते. तिथे मी यातलं काहीच वापरणार नाही. ड्रिलने शेजारी-शेजारी भोकं पाडा, मधलं छिन्नीने उडवा, कानस मारा. वेळ लागतो, पण लाईन गेली तरी अर्धं काम हातानेच होतं.

शाफ्टच्या चावीचा गाळा मात्र घरी काढू नका. २५ मिमीच्या शाफ्टला ८ मिमी रुंदीची चावी आणि शाफ्टमध्ये ४ मिमी खोली लागते. गोल शाफ्टवर राउटरचा तळ बसत नाही, आणि हाताने काढलेल्या गाळ्यात चावी जराशी जरी हलली तरी हंगामात गाळा खाऊन जातो. तालुक्याच्या लेथवाल्याकडे मिलिंग किंवा शेपिंग मशीन असेल तर काम तिथेच द्या. जाताना पुलीही सोबत न्या. तिच्या आतल्या गाळ्याला स्लॉटिंग (वर-खाली चालणाऱ्या हत्याराने भोकाच्या आत गाळा काढणं) लागतं, आणि नुसता शाफ्ट करून आणला तर पुलीसाठी तीच फेरी पुन्हा.