डोमेन त्याच्या नावावर, स्टिकर माझ्या पॅनलवर

वेबसाइटच्या नावाखाली माझे एकूण 2,03,360 रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण नातेवाइकांना "गेले असतील पाच-दहा हजार" असं वाटून राहिलं आहे.

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं शेतीपंपाचे स्टार्टर पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे, सात कामगारांचं. छापील माहितीपत्रक शेतात हरवतं, मग काटोल-नरखेडचे मेकॅनिक रात्री नऊला फोन करून वायरिंग विचारतात. म्हणून ठरवलं की सगळे ड्रॉइंग, सेटिंग, बिघाडाचे कोड एका वेबसाइटवर टाकायचे आणि पॅनलच्या झाकणावर क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं. ऑक्टोबर 2022 मध्ये ओळखीच्या एका व्यापाऱ्याने सीताबर्डीतला एक वेबसाइटवाला सुचवला. नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलं आहे.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "भाऊ, तुमची साइट स्टॅटिक बनवू. नुसती तयार पानं, मागे डेटाबेस नाही, म्हणून हॅक व्हायची भानगड नाही." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. (डेटाबेस म्हणजे साइटच्या मागे चालणारं माहितीचं कोठार.) बनवायचे 42,000, वर जीएसटी 7,560. त्याचं पक्कं बिल दिलं. त्यानंतरचं सगळं साध्या कागदावर: "डेडिकेटेड सर्व्हर" वर्षाला 18,000, एसएसएल सर्टिफिकेट (ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह येतं ते) वर्षाला 5,500, आणि दरमहा 3,200. या 3,200 समोर काय लिहिलं होतं? "डेटाबेस ऑप्टिमायझेशन व सिक्युरिटी पॅच."

ज्या साइटला डेटाबेस नाही असं त्यानेच सांगितलं, तिच्या डेटाबेसचे पैसे. ही ओळ मी चोवीस वेळा वाचली, चोवीस वेळा पैसे पाठवले. नोव्हेंबर 2022 चा पहिला कागद हातात होता तेव्हाच विचारायला हवं होतं, "काय रे, कोणता डेटाबेस?" मी विचारलं नाही. रब्बीची घाई होती, दोन डीलर उधारीवर अडून बसले होते, आणि मी पॅनलवाला आहे, संगणकवाला नाही. माझ्याकडे शेतकरी येतो तेव्हा त्याला रिलेतलं काही कळत नाही, म्हणून मी त्याला नसलेला रिले विकत नाही. तोच भरवसा मी समोरच्यावर ठेवला. यात मूर्खपणा काय होता ते मला अजून कोणी सांगावं.

दिवाळी 2024 ला पुण्याहून भाचा आला. तिसऱ्या वर्षाचा कागद त्याने पाहिला, लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "मामा, ही साइट गिटहब पेजेसवर आहे. फुकट." गिटहब म्हणजे फायली ठेवायची ऑनलाइन जागा, तिथूनच साइटही चालवता येते. डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावामागचा, आकडी पत्ता तपासला तर 185.199.108.153, म्हणजे गिटहबचाच. पानाच्या सोर्समध्ये जनरेटरच्या ओळीत चक्क एमकेडॉक्स लिहिलेलं. हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, तेही फुकटचं. मार्कडाउनच्या, म्हणजे थोड्या खुणा घातलेल्या मजकुराच्या, साध्या फायली लिहायच्या, एक आज्ञा द्यायची, तयार एचटीएमएल पानं बाहेर पडतात. सर्चसुद्धा वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो, त्याला सर्व्हर लागत नाही. कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारली तर सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं. तेही फुकट, आपोआप नवं होणारं. तुम्हीही आपल्या साइटवर आजच हे तिन्ही पाहून घ्या.

दोन वर्षांचे सर्व्हर आणि सर्टिफिकेटचे 47,000 आणि देखभालीचे 76,800 कशाचे होते? देखभाल म्हणावी तर एका ड्रॉइंगमधला टर्मिनल नंबर बदलायला त्याने बारा दिवस लावले होते. तेवढे दिवस मेकॅनिक चुकीचं ड्रॉइंग पाहून वायर जोडत होते, आणि हा म्हणत होता सर्व्हर बिझी आहे.

पैसे थांबवले. आठ दिवसांत साइट बंद. फोन केला तर म्हणे, "भाऊ, टेन्शन कायले घेता? मी आहो ना. डोमेन माझ्या खात्यात आहे, 65,000 द्या, नावावर करून देतो." तोवर 2,300 पॅनल शेतात गेले होते, प्रत्येकावर तोच क्यूआर कोड. गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू, फोनवर फोन. मी 30,000 पाठवले. हो, कळल्यावरही पाठवले. दुसरं काय करणार होतो? डोमेन माझ्या खात्यात घ्यायला लागणारा ट्रान्सफरचा कोड आजपर्यंत आला नाही.

डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या कार्डाने घ्या. "आम्ही सांभाळतो" म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा.

पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज न वाचता "हा सिव्हिल मॅटर आहे". सायबरवाल्यांकडे गेलो, तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः, ओळखीच्या माणसाला, राजीखुशीने दिले, यात सायबर काय? एकाने विचारलं, "साइट तर दोन वर्षं चालली ना?" मी कागद पुढे केला, डेटाबेसची ओळ दाखवली. साहेबांनी डेटाबेस म्हणजे काय हेच विचारलं, आणि समजावत असताना उठून चहाला गेले. चार चकरा, चार दिवस युनिट बंद, पोचपावती एकच, तीही शिक्क्याशिवाय. ग्राहक आयोगाचं पाहिलं तर 2019 च्या कायद्यात धंद्यासाठी सेवा घेणारा ग्राहक धरत नाहीत. पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला सूट आहे, पण सात कामगार असताना मी त्यात बसतो का, यावर वकील आधी फी मागतो. डॉट इन नावांसाठी ती नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे लवादाची सोय आहे, तिथे नावावर हक्क दाखवावा लागतो आणि मी ट्रेडमार्क घेतलेला नव्हता. तोही घेऊन ठेवा. मग माझ्यासारख्याने जायचं कुठे? चोर समोर, त्याच्या हातचा कागद माझ्याकडे, आणि प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं.

मूळ मार्कडाउन फायली त्याने दिल्याच नाहीत. करारात लिहून घ्या की रिपॉझिटरी, म्हणजे मूळ फायलींचा साठा, आपल्या खात्यात राहील. भाच्याने साइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवरून 74 पैकी 61 पानं काढली, उरलेली मी रात्री बसून जुन्या ड्रॉइंगवरून लिहिली. नवीन डोमेन माझ्या नावावर आहे, साइट तशीच एमकेडॉक्सवर, होस्टिंगचा खर्च शून्य. टर्मिनल नंबर आता मीच बदलतो, दहा मिनिटं लागतात.

2,300 पैकी 840 पॅनलवर नवीन स्टिकर लागले. रविवारी कळमेश्वरकडे जातोय. तिकडचं कोणी जुना कोड स्कॅन करत असेल तर तो उघडणार नाही, पॅनलवरच्या नंबरवर मला फोन करा.