मारायचं नाही, मग करायचं काय? नॉर्वेतल्या ‘आयसीडीपी’ पालकवर्गाबद्दल

‘आयसीडीपी’ म्हणजे ‘इंटरनॅशनल चाइल्ड डेव्हलपमेंट प्रोग्राम’, मुलांशी कसं वागावं-बोलावं हे पालकांना शिकवणारा वर्ग. त्याला पाचपैकी साडेतीन. कापलेल्यातला अर्धा गुण शेवटच्या विषयापायी.

नॉर्वेत मुलावर हात उगारायला १९८७ पासून बंदी आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ‘एक हलकी चापट तर दिली’ ही सबबही उरली नाही. ‘थांब, पोलिसांनाच बोलावते’ असं घाबरवणंसुद्धा त्याच कलमात बसतं, आणि आपल्याकडचे पालक अडकतात ते इथेच. धपाटा बंद होतो, बागुलबुवा चालूच राहतो.

वर्ग सहसा मोफत असतो. साधा ८ बैठकांचा, स्थलांतरितांसाठीचा १२ बैठकांचा. संवादाचे ८ विषय: पहिले चार जिव्हाळ्याचे, पुढचे तीन मुलाला आजूबाजूचं जग समजावण्याचे, आणि शिस्त थेट आठव्यात. पालक ज्या प्रश्नासाठी आलेले असतात तो सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या बैठकीला ‘हे तर आम्हाला येतंच’ म्हणून गळती लागते. क्रमामागे कारण आहे, पण ते पहिल्याच दिवशी सांगून टाकायला हवं.

दुसरा विषय आहे मुलाच्या कलाने घेणं. ताट घेऊन मुलाच्या मागे पळणं म्हणजे हे नव्हे, उलट आहे! घरी करायचं ते असं: बर्फातल्या सूटची चेन चार वर्षांचं मूल स्वतः लावू पाहतंय, दहा मिनिटं आधी निघायची तयारी करा, खालचं टोक फक्त धरून ठेवा, चेन त्याला ओढू द्या, आणि ‘अडकली ना, चिडलास’ एवढंच म्हणा. उशीर झालेला असताना करायला गेलात तर फसणारच. मग आवाज चढतो आणि पालक म्हणतात, हे आपल्यात चालत नाही.

आठव्या विषयात नियम आधी सांगणं, कारण देणं, दोन पर्याय ठेवणं इतकं आहे. चांगलं आहे, पण किशोरवयीन मुलांच्या घरात अपुरं पडतं. नॉर्वेत सात वर्षांच्या मुलाचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, बाराव्या वर्षापासून त्याला मोठं वजन असतं. ‘तुला काय कळतंय’ म्हणायची सवय एका बैठकीत जात नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना तर वर्गात जागाच नसते. त्यांच्यासाठी उजळणी घरीच घ्यावी लागते.

एक खबरदारी. हेल्सेस्टाशून (मुलांचं सरकारी आरोग्य केंद्र), बालवाडी, शाळा यांच्या कर्मचाऱ्यांना मारहाणीचा गंभीर संशय आला तर बालसंरक्षण खात्याला कळवणं बंधनकारक आहे. वर्गातलं बोलणं गुप्त असलं तरी हा अपवाद राहतो. तो काय आहे, हे पहिल्याच बैठकीत मार्गदर्शकांना स्पष्ट विचारून घ्या.

निर्वासितांना हे पालक-मार्गदर्शन सरकारी स्वागत कार्यक्रमातच मिळतं. नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांना कुणी बोलावत नाही, आपणच हेल्सेस्टाशूनच्या परिचारिकेला विचारायचं. भाषा कुठली, दुभाष्या आहे का, हे तेव्हाच नक्की करा. थोरल्या मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका. मुलांकडून दुभाषाचं काम करून घ्यायला सरकारी कार्यालयांना मनाई आहे.