वाइंडिंग जळलंच नव्हतं, चोक अर्धा ओढलेला होता

मे महिन्यात जुळे सोलापुरात दुपारी दोनला लाईट गेली की घराचा तवा होतो. वडील ७८ वर्षांचे. त्यांचा कूलर आणि घरातला फ्रीज तरी चालावा म्हणून तीन वर्षांपूर्वी २ केव्हीएचा पेट्रोलवरचा जनरेटर घेतला होता. यंदा जिन्याखालून काढला, दहा-बारा वेळा दोरी ओढल्यावर सुरू झाला. दिवे लागले, पंखे फिरले. कूलर लावला की मात्र इंजिन घुर्र करून खाली बसायचं, दिवे मिणमिणायचे, आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर उचलला की सगळंच बंद.

ॲपे रिक्षात घालून पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने जनरेटर सुरू करून हॅलोजन लावला, सॉकेटमध्ये मीटर घातला आणि काटा माझ्याकडे फिरवला. १७० व्होल्ट. "मालक, वाइंडिंग गेलंय. कॉइल जळलीय. नवं भरायला लागतंय." वाइंडिंग म्हणजे वीज तयार करणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी. ५,८०० रुपये, दोन दिवस. मी हो म्हणालो. मीटर खोटं बोलत नाही, असं वाटलं. तो आकडा खरा होता, त्याचा अर्थ त्याने खोटा सांगितला.

दोन दिवसांनी समोर ५००-५०० वॉटचे दोन हॅलोजन लावून दाखवले. इंजिन दणक्यात चाललं. मीटरवर २२८. मी खूश. निघताना दिसलं, चोकची दांडी अर्ध्यावर होती. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप. विचारलं तर म्हणाला, "नवीन वाइंडिंग आहे ना मालक, महिनाभर सेट व्हायला वेळ लागतो. दांडी तिथंच ठेवा." वाइंडिंगचा आणि चोकचा काय संबंध, हे तिथेच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ५,८०० दिल्यावर माणसाला विश्वास ठेवायचीच घाई असते.

घरी आल्यावर इंजिन गरम झालं तशी मुलाने सवयीने चोकची दांडी परत सारली. कूलर लावला आणि पुन्हा तीच घुर्र. दांडी अर्ध्यावर ओढली की चालायचं, पण काळा धूर, पेट्रोल दुप्पट. फोन केला तर "ओव्हरलोड करताय तुम्ही." कूलर २०० वॉट, फ्रीज १५०. सुरू होताना कॉम्प्रेसर काही पट जास्त ओढतो हे मान्य, पण त्याच मशीनवर त्याने १,००० वॉट पेटवून दाखवले होते की!

शेवटी अक्कलकोट रोडला लूमच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका अण्णांना घरी आणलं. त्यांनी हत्याराला हात लावायच्या आधी एकच विचारलं, "लोड टाकल्यावर इंजिनचा आवाज पडतो, की आवाज तसाच राहून नुसता करंट पडतो?"

आवाज पडतो, मी म्हणालो.

"मग वाइंडिंगला कशाला हात लावायचा?" इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारतं तेव्हा ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्ट मिळतात. फेरे पडले की व्होल्टेज पडणारच. वाइंडिंग आतून शॉर्ट असतं तर इंजिन रिकामं चालतानाही कण्हलं असतं, जळका वास आला असता. आणि आवाज न पडता व्होल्टेज गेलं असतं, तर व्होल्टेज सांभाळणारा भाग, म्हणजे एव्हीआर किंवा कपॅसिटर, बघायचा.

त्यांनी आधी टाकीचं झाकण सैल करून बघितलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल अडतं. मग एअर फिल्टर. दोन्ही ठीक. "चोक ओढला की चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय," म्हणत पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी उतरवली. तळाला मधासारखा चिकट थर. गेल्या उन्हाळ्यातलं पेट्रोल वर्षभर तसंच ठेवलं होतं, ही चूक माझी. मेन जेट म्हणजे पेट्रोल जायला मधे बारीक भोक असलेला पितळेचा इवलासा स्क्रू. अण्णांनी तो खिडकीकडे धरून मला दाखवला. आरपार उजेड दिसायला हवा, दिसत नव्हता. मी तार शोधायला उठलो तर म्हणाले, "तार नको. पितळ मऊ, भोक मोठं झालं की कायमचं बिघडतंय." स्प्रे मारला, ब्रशचा नायलॉनचा एक केस घातला, पुन्हा उजेडाकडे धरलं. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला.

चोकची दांडी पूर्ण परत सारलेली, कूलर चालू, फ्रीज चालू. आवाज जरासा दबला आणि लगेच सावरला. अण्णांनी १५० रुपये घेतले, तेही बळजबरीने द्यावे लागले.

जाताना त्यांनी वाइंडिंगवरचं मागच्या बाजूचं कव्हर दाखवलं. त्याच्या स्क्रूंवर कंपनीने लावलेला पिवळ्या रंगाचा ठिपका होता, प्रत्येकावर, अखंड. कव्हर कधी उघडलंच नव्हतं. म्हणजे तो माणूस अडाणी नव्हता. जेट बुजलाय हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं, नाहीतर दांडी नेमकी अर्ध्यावर कशी ठेवली असती? त्याने वाइंडिंगचे पैसे घेतले आणि दहा मिनिटांचं खरं कामही केलं नाही.

आता मी लोड टाकून आवाज ऐकतो, चोक अर्धा ओढून बघतो, आणि दुरुस्ती झाली की जुना माल परत मागतो. वाइंडिंग भरलं तर जुनी तांब्याची तार निघतेच, ती ग्राहकाची. ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे वाटी रिकामी होते.

स्क्रूंचे फोटो घेऊन मी दुकानात गेलो होतो. जुनी तार मागितली. त्याने फोटो बघितला, मोबाईल माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, "आता चालतोय ना मालक? मग?"