‘रोगप्रतिकारक’ रोहूच्या नावाखाली झालेली फसवणूक: निपाणी-चिक्कोडी भागातील मत्स्यपालकांनी जरूर वाचावे

वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने उसाला जोड म्हणून ज्यांनी तळी काढली आहेत, त्यांच्यापर्यंत ‘रोगप्रतिकारक सुधारित रोहू’ विकणारा माणूस अजून पोहोचला नसेल तर लवकरच पोहोचेल. मी त्याच्याकडून गेल्या ऑगस्टमध्ये ८,००० बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) नगाला ९ रुपये दराने घेतल्या. त्याच वेळी साधी बोटुकली आमच्याकडे ३ रुपयांना मिळत होती. म्हणजे २४,००० च्या जागी ७२,००० रुपये, वर वाहतुकीचे ६,५०० आणि ‘प्रतिकारशक्ती टिकवणाऱ्या’ भुकटीच्या २४ पाकिटांचे १४,४००, असे एकूण ९२,९०० रुपये मी फोनवरून पाठवले. आधी कुणाच्या तरी तळ्याचे व्हिडिओ, मग ‘शेवटचा लॉट’, मग आगाऊ रक्कम, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. तो पुन्हा सांगत बसत नाही.

मला भोळा म्हणण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की त्याच्या बोलण्यातले निम्मे खरे होते. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांबरोबर १९९२ मध्ये रोहूच्या निवड-प्रजननाचे काम सुरू केले आणि १९९७ मध्ये ‘जयंती’ रोहू शेतकऱ्यांपुढे आणली, हे खरेच आहे. ती निवड मुख्यतः वाढीच्या वेगासाठी होती, आणि पुढे एरोमोनास या रोगकारक जिवाणूला तोंड देणाऱ्या रोहूसाठीही तिथे काम झाले, हेही खरे. आधीच्या हंगामात माशांच्या उवांनी आणि अंगावरच्या लाल चट्ट्यांनी हैराण झालेल्या माणसाला असे काही ऐकवले, तर तो कान देणारच.

पण एका क्षणाबद्दल मी अजून स्वतःवर चरफडतो. पत्रकावर ‘निवडीची सातवी पिढी’ असे ठळक छापले होते, आणि चहा पिताना तोच मला म्हणाला होता, “आण्णा, हॅचरी काढून पाच वर्षं झाली, एक गिऱ्हाईक नाराज न्हाई.” रोहू अंड्यावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. सात पिढ्यांना चौदा वर्षे तरी हवीत. पाच वर्षांत दोन झाल्या तरी पुष्कळ. उसाच्या लावणीचा आणि खोडव्याचा हिशेब बोटांवर करणारा मी, तो कप हातात धरून मान डोलावत राहिलो! आता त्याच्या जाहिरातीत ‘आठवी पिढी’ आली असून दर ११ रुपये झाला आहे.

अशा विक्रेत्याला एकच विचारावे: निवड कशी केली? खऱ्या कामात अनेक जोड्यांची पिल्ले कुटुंबवार वेगळी वाढवतात, प्रत्येकावर खूण करतात, त्यांतील काहींना मुद्दाम रोगजंतूंच्या संपर्कात आणतात आणि ज्या कुटुंबातील पिल्ले अधिक संख्येने तगतात, त्यांच्या रोगाला न दाखवलेल्या भावंडांपासून पुढची पिढी घेतात. याच्या नोंदी असतातच. मला दाखवलेला ‘रोगमुक्त’ अहवाल त्या दिवशीच्या नमुन्यात जंतू सापडला नाही एवढेच सांगत होता. वंशाशी त्याचा काही संबंध नव्हता. शिवाय एका रोगासाठी निवडलेला मासा दुसऱ्या रोगाला बळी पडू शकतो, आणि प्रतिकारक याचा अर्थ मरतच नाही असा कधीच नसतो.

डिसेंबरच्या थंडीत माशांच्या अंगावर खोल व्रण पडू लागले. मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका परिचितांनी ते पाहून बुरशीसदृश जंतूमुळे होणाऱ्या व्रणरोगाचा संशय व्यक्त केला. चुना टाकला, औषध टाकले, तरी मर थांबेना. विक्रेत्याचे उत्तर तयार होते: “आमची हमी जिवाणूची हाय, बुरशीची न्हवं.” पत्रकावर मात्र ‘सर्व रोग’ होते, आणि पावतीवर फक्त ‘मत्स्यबीज ८,००० नग’! पावतीवर जात, पिढी आणि हमी लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नये. उरलेले ४२५ किलो मासे घाईने ९० रुपयांनी काढून ३८,२५० रुपये हाती आले. खाद्याला १,१२,००० गेले होते. निव्वळ तोटा १,६६,६५० रुपयांचा.

आता कार्यालयांविषयी. आमच्याकडच्या मत्स्य कार्यालयात आधी विचारले गेले की परराज्यातून बीज घेतलेच कशाला. मग कन्नड अर्ज पुढे आला, जो भरून द्यायला तिथे कुणाला सवड नव्हती. शेवटी सांगितले की नेलेले मासे कुजले आहेत, तपासता येणार नाहीत. हे मर सुरू झाली तेव्हाच फोनवर सांगितले असते तर? (मेलेला मासा नेऊ नये, मरणपंथाला लागलेला जिवंत मासा न्यावा आणि व्रणाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा.) पोलीस ठाण्यात तर सीमाप्रश्नच उभा राहिला. इकडचे म्हणाले की हॅचरी महाराष्ट्रात आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले की तळे कर्नाटकात, ज्यातून पैसे गेले ते खातेही कर्नाटकातले, आणि मुळात हा दिवाणी मामला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा प्रश्न न काढता नोंदवून घ्यावी लागते. हे कलम मी कागदावर लिहून नेले, तेव्हा साहेबांनी तो कागद न वाचताच परत केला. मतांच्या वेळी दोन्ही राज्यांना हवी असणारी आमची गावे तक्रारीच्या वेळी कुणाचीच नसतात.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्या मानाने बरा आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे हद्दीचा घोळ राहत नाही. मत्स्यपालन हे स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे मात्र अर्जात स्पष्ट लिहावे, नाहीतर समोरचा वकील व्यापारी हेतूचा मुद्दा काढतो. पत्रक, पावती, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि व्रणांची तारखेसह छायाचित्रे जोडून मी १,६६,६५० रुपयांची मागणी दाखल केली आहे. त्याच माणसाकडून बीज घेतलेल्या इतरांनीही आपापली तक्रार द्यावी. निदान पत्रक फाडून टाकू नये.