रायझन ५ ५६०० आणि ओव्हरक्लॉकिंग: नऊ महिन्यांचा अनुभव, आणि तो एक कोअर

दिवाळी पाडव्याला घेतलेल्या पीसीला आता नऊ महिने होत आले. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). आज लिहायला बसलो कारण आपोआप रीस्टार्ट होण्याचा जो प्रकार एप्रिलपासून डोकं खात होता तो एकदाचा पक्का सापडला, आणि त्यापायी माझे अडीच महिने, एका नव्या एसएमपीएसचे ५२०० रुपये आणि दुकानाच्या सात फेऱ्या गेल्यात. ओव्हरक्लॉकला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, चांगला प्रोसेसर कुठला असं विचारणाऱ्यांनी घ्यायच्या आधी हे वाचावं, निदान पैसे तरी वाचतील.

आधी माझं काम सांगतो, कारण सगळा हिशोब त्यावरच आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांना पॅटर्नसाठी (साचा करायच्या नमुन्यासाठी) थ्रीडी मॉडेल करून देतो, पंपाची बॉडी, गिअर बॉक्सची केसिंग असलं. कॅडमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मॉडेल रिबिल्ड होताना, म्हणजे बदल केल्यावर आकार नव्यानं तयार होताना, काम जवळपास सगळं प्रोसेसरच्या सहांपैकी एकाच कोअरवर होतंय, बाकीचे पाच नुसते बसून असतात. म्हणून मला सोळा कोअर नको होते, एका कोअरचा वेग जास्त पाहिजे होता, आणि तो फुकटात वाढवता आला तर उत्तमच.

इंटेलचा आय५ १२४००एफ बघितला होता, चांगला आहे पण मल्टिप्लायर लॉक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा बदलता येत नाही. इंटेलमध्ये के लागलेला प्रोसेसर आणि वर झेड चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड घेतला तरच कोअरचा वेग हातात येतो, म्हणजे १२६००के घ्या, झेड६९० घ्या, कूलर वेगळा घ्या, बजेट कुठल्या कुठं गेलं. ५६००एक्स आणि साधा ५६०० यांत त्या दिवशी तीन हजारांचा फरक होता. दोन्हीत तेच झेन ३ डिझाइन, तेच सहा कोअर बारा थ्रेड, तीच ३२ एमबी एल३ कॅश, तेच ६५ वॉट. फरक काय, तर एक्सवर ४.६ गिगाहर्ट्झ लिहिलंय आणि साध्यावर ४.४. प्रत्यक्षात साधा ४.४५ पर्यंत जातो, आणि पीबीओमध्ये (एएमडीची आपोआप वेग वाढवायची सोय) २०० मेगाहर्ट्झची वरची सूट दिली की ४.६५, जो एक्स पेटीतून काढल्या काढल्या देतो. तीन हजार वाचले. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

पहिली भांडणं बोर्डावरून. दुकानदारानं कॉम्बो म्हणून ए५२० चा बोर्ड दिला. मी घेताना दोनदा विचारलं होतं की ओव्हरक्लॉक होईल का, तर म्हणाले, "अवो दादा, रायझन म्हंजे सगळं अनलॉकच असतंय की." प्रोसेसर अनलॉक असतोय हे खरं, पण ए सीरिजच्या चिपसेटवर एएमडीनंच ओव्हरक्लॉकिंग ठेवलेलं नाही, त्याला बी किंवा एक्स सीरिज लागते. घरी येऊन बायोस (बोर्डाच्या सेटिंगचा पडदा) उघडला तर मल्टिप्लायरचा रकानाच नाही. परत घेऊन गेलो तर सील फोडलंय म्हणून बदलून देईनात. तीन आठवडे गेले. शेवटी बिलाच्या मागं त्यांच्याच पोरानं लिहून दिलेलं "ओसी सपोर्ट" (ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक) दाखवलं तेव्हा वरचे पैसे भरून बी५५० मिळाला. सांगायचं एवढंच की दुकानात तोंडी काही विचारू नका, बिलावर लिहून घ्या.

मग जुन्या पद्धतीनं सुरुवात केली. आमच्या थोरल्या भावाकडं २०११ चा आय५-२५००के होता, ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर साध्या हवेच्या कूलरवर ४.५ ला वर्षानुवर्षं पळत होता, ते डोक्यात बसलेलं. त्याच्याही आधी १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए यायचा, बोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झला नेला की ३०० चा ४५०, म्हणजे दीडपट. आता तसली शिल्लक कंपनी ठेवतच नाही, बूस्टच्या (आपोआप वेग वाढण्याच्या) नावाखाली सगळी आधीच काढून विकते. मी सहाही कोअरना ४.५ आणि १.२७५ व्होल्ट दिले. सोबत आलेल्या छोट्या कूलरवर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) लावला आणि दहा मिनिटांत ९० डिग्रीला टेकला, जी या प्रोसेसरची मर्यादाच आहे. आणि मिळालं काय? सगळे कोअर वापरणारा रेंडर जरा लवकर संपला, पण माझं रिबिल्ड तसंच, कारण एका कोअरला आधी ४.४५ मिळत होते ते आता ४.५. वीज जळते ती वेगाच्या पटीत आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत, त्यामुळं थोडं व्होल्टेज वाढवलं की उष्णता किती वाढते ते हात लावून कळतंय. दोन महिन्यांत सोडून दिलं.

चार हीट पाईपचा टॉवर कूलर टाकला आणि फेब्रुवारीत पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझरकडं वळलो. यात उलटं असतंय, व्होल्टेज वाढवायचं नाही, कमी करायचं. प्रत्येक कोअरला उणे आकडा द्यायचा, एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, जास्तीत जास्त उणे ३०. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते आणि प्रोसेसर आपणहून वर चढतो. मी सगळ्यांना उणे ३० दिलं. प्राइम९५ रात्रभर पास, ओसीसीटी ही दुसरी टेस्टही पास, लोडवर ६८ डिग्री, एका कोअरला ४.६५, सगळे एकदम चालताना प्रत्येकाला साडेचारच्या आसपास. ४८ सेकंदांचं रिबिल्ड ४६ वर आलं. दोन सेकंद ऐकायला काहीच नाही, पण दिवसात शंभरदा रिबिल्ड करणाऱ्याला विचारा. मी इतका खूश होतो की शिरोलीतल्या दोन मित्रांच्या पीसीतही तेच लावून दिलं.

इथं माझं मत बदललं. सगळ्या कोअरना उणे ३० लावा हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना सांगतो, ते काढून टाका.

एप्रिलच्या शेवटी पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला, आणि तोही कधी, तर मी काहीच करत नसताना. सहा तासांचा रेंडर नीट व्हायचा. मॉडेल सेव्ह करून खाली चहाला गेलो आणि वर आलो की लॉगिनचा पडदा. निळा पडदा नाही, एरर नाही. दुकानदार म्हणाले एसएमपीएस गेलाय. ६५० वॉटचा नवीन घेतला. तिसऱ्या दिवशी परत तेच. मग म्हणाले रॅम बदला. रॅमवर मेमटेस्ट८६ चार फेऱ्या स्वच्छ. मग म्हणाले बोर्ड सर्व्हिसला टाकावा लागेल, पंधरा-वीस दिवस. मी ओव्हरक्लॉक केलंय हे खरं सांगितलं तर म्हणाले मग वॉरंटी गेली. ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही हे मलाही मान्य आहे, पीबीओसुद्धा त्यातच धरतात, पण त्याच माणसानं ओसी सपोर्ट म्हणून बोर्ड विकला होता आणि एसएमपीएसचे पैसे घेताना हे काही आठवलं नव्हतं, याचा मला राग आहे आणि तो राहणार.

मधे मला धुळीचा संशय आला. पुढचा फिल्टर काढून पांढऱ्या कागदावर झटकला आणि कागदाखालून चुंबक फिरवला तर काळी भुकटी काट्यासारखी उभी राहून चुंबकामागं चालायला लागली. खालच्या शेडमध्ये ग्राइंडिंग चालतंय, बिडाची पूड जिन्यानं वर येते. बोर्ड ब्लोअरनं साफ केला, कॅबिनेट जमिनीवरून टेबलावर घेतला. उद्यमनगरात पीसी ठेवणाऱ्यांनी हे कराच, पण रीस्टार्ट काही थांबला नाही.

शेवटी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडला. व्हीया-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा), इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर, आणि प्रत्येक वेळी खाली एकच एपिक आयडी (कोअर ओळखायचा नंबर). अकरा नोंदी, अकराही त्याच. मग कोअरसायकलर लावला, तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतो. पाच कोअर पास. उरलेला चौथ्या मिनिटाला पडला. दुसऱ्यांदा लावला, परत तोच.

मला वाटलं हा कोअर कमजोर निघाला, नशिबाचा भाग. पण एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर त्याच कोअरवर ताऱ्याची खूण, म्हणजे सगळ्यात चांगला. दोन दिवस डोक्यात बसेना. मग उलगडलं. चांगला कोअर म्हणजे कमी व्होल्टेजवर जास्त वेगानं पळणारा, म्हणून त्याला मुळातच ताणून बसवलेलं असतं, अजून कमी करायला जागाच उरत नाही. आणि विंडोज हलकं काम सगळ्यात आधी त्यालाच देते. सगळे कोअर कामाला लागले की वेग साडेचारवर उतरतो, तिथं सगळं निभावतं. पण पीसी रिकामा असताना मागं काहीतरी बारकं काम निघतं, तो एकटा कोअर क्षणभर ४.६५ ला उडी मारतो, आणि नेमकं तिथंच व्होल्टेज कमी पडतं. म्हणून जड टेस्ट पास आणि चहाच्या वेळेत रीस्टार्ट. तुम्ही कितीही वेळ सगळे कोअर तापवलेत तरी हा दोष दिसणार नाही.

त्या कोअरला उणे ५ ठेवलं, बाकीच्यांना उणे १५ ते उणे २५. कोअरसायकलर दोन रात्री चालवला. त्यानंतर पीसी नुसता चालू ठेवून घरी जातोय, हीच खरी टेस्ट. आज एकोणीस दिवस झाले. मधे पावसानं चारदा लाईट गेली, यूपीएसनं धरलं, रीस्टार्ट एकदाही नाही. रिबिल्ड अजून ४६ सेकंदच, म्हणजे उणे ३० च्या हट्टानं जास्तीचं काहीच मिळालेलं नव्हतं.

आत्ता नवीन घेणाऱ्यांसाठी: ५८००एक्स३डी गेमला चांगला असेल पण त्याचा मल्टिप्लायर लॉक आहे, ओव्हरक्लॉकसाठी घेऊ नका. इंटेलची १३वी-१४वी पिढी जुन्यात घेत असाल तर बायोस नवीन आहे का बघा, जास्त व्होल्टेजमुळं प्रोसेसर खराब होतात म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती) काढावा लागला होता आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली होती. आणि ५६०० घेतलात तर एक्सचे वाचलेले पैसे कूलरला घाला, एसएमपीएस उगीच बदलू नका.

शिरोलीच्या दोघांचे पीसी रविवारी जाऊन तपासले. एकाचा उणे २० ला ठीक चाललाय, दुसऱ्याचा ताऱ्याच्या खुणेचा कोअर उणे ८ च्या पुढं जात नाही, म्हणजे माझे आकडे बघून तसेच्या तसे भरू नका. बायोस अपडेट केला की सगळं पुसलं जातं, म्हणून प्रत्येकाचे सहा आकडे चिकटपट्टीवर मार्करनं लिहून कॅबिनेटच्या आतून चिकटवून आलोय.