हाडात उतरलेला कॅन्सर: एक शेक, दहा शेक की नुसती औषधं?

कॅन्सर मणक्यात किंवा खुब्यात उतरला आणि दुखण्यानं रात्री डोळ्याला डोळा लागेना, की शेक (म्हणजे रेडिएशन, किरणोपचार) द्यायचा का आणि किती, हा प्रश्न घरात येतोच. या टप्प्यावर शेक दुखणं कमी करण्यासाठी असतो, हे आधी सगळ्यांना कळलेलं बरं.

एका बैठकीत ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) आणि दहा बैठकांत ३० ग्रे, दोन्हींत आराम सारखाच: १०० पैकी सुमारे ६० जणांना. त्याच जागी पुन्हा शेक द्यावा लागतो तो एका बैठकीनंतर साधारण २० टक्क्यांना, दहांनंतर ८ टक्क्यांना. पण दहा बैठका म्हणजे दोन आठवडे रोजची ये-जा आणि दुखऱ्या पाठीनं कडक टेबलावर उताणं पडणं. हाड मोडलेलं नसेल, तर आमचा कल एका बैठकीकडे. मोडलं असेल किंवा मोडायच्या बेतात असेल, तर आधी हाडांच्या सर्जनला दाखवा. शेकानं हाड लगेच भक्कम होत नाही.

खरी मेख वेळेची आहे. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पेशंटच्या हाती किती दिवस आहेत याचा डॉक्टरांचा अंदाज बहुतेकदा जास्तीचाच निघतो. म्हणून हा अंदाज बांधायला मोजपट्ट्या वापरतात. चाऊ यांची पट्टी तीनच गोष्टी पाहते: मूळ कॅन्सर स्तनाचा सोडून दुसरा, हाडाबाहेरही पसरलेला, कार्नोफस्की गुण (रोजची कामं स्वतः करण्याची ताकद, १०० पैकी) ६० किंवा कमी. खाटेजवळ उभ्या उभ्या होते. 'टीच' पट्टीत सहा गोष्टी: कॅन्सरचा प्रकार, हिंडण्याफिरण्याची ताकद, साठीपुढचं वय, आधी झालेली केमो, गेल्या तीन महिन्यांत दवाखान्यात भरती, यकृतात गाठी. यातल्या पाच-सहा लागू पडल्या, तर मूळ अभ्यासात मध्यम आयुर्मान (निम्मे पेशंट जितके जगले तो काळ) दोन महिन्यांच्या आतच होतं. अशा वेळी दहा बैठका नकोतच. एक बैठक किंवा मॉर्फिन. दोन्ही पट्ट्या गटाबद्दल बोलतात, तुमच्या माणसाची तारीख सांगत नाहीत.

पायातली ताकद जाऊ लागली किंवा लघवी अडकली, तर मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते; पट्ट्या बाजूला ठेवा. त्याच दिवशी एमआरआय आणि स्टेरॉइड हवं. चालता पाय वाचवणं सोपं, गेलेला परत आणणं अवघड.

शेकानंतर पहिले काही दिवस दुखणं उलट भडकू शकतं. उपचार फसला असं समजून घाबरू नका. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधीच सुरू करायचं का, हे विचारून ठेवा. त्यानं साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर ती मोजत राहा. टेबलावर जाण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक द्या, आणि आराम पडला तरी मॉर्फिन एकदम तोडू नका.