सीएस५०एक्स: राजीनामा देण्याआधी करून बघायचा कोर्स

सध्या दुसऱ्याच क्षेत्रात नोकरी आहे आणि प्रोग्रामिंगकडे वळायचं मनात आहे, अशा माणसाला एकच कोर्स सुचवायचा असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०एक्स, म्हणजे तिथल्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या प्राथमिक वर्गाचा ऑनलाइन अवतार, सुचवावा. तो नोकरीची हमी देत नाही. मात्र हे काम आपल्याला दिवसभर, वर्षानुवर्षं करवेल का, याचं बऱ्यापैकी खरं उत्तर तो देतो, आणि तेही हातातला पगार चालू असताना. क्षेत्र बदलताना सगळ्यात महागात पडतो तो स्वतःबद्दलचा चुकीचा अंदाज. समोरचा कोड बघून टाइप करायला लावणारे सोपे कोर्स तो अंदाज आणखीच चुकवतात.

कोर्स शिकवणारे डेव्हिड मॅलन २००७ पासून हा विषय सांभाळत आहेत. ते स्वतः हार्वर्डमध्ये राज्यशास्त्र शिकायला गेले होते. १९९६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ ब्रायन कर्निगन शिकवत असताना त्यांनी हाच वर्ग घेतला आणि पुढे विषयच बदलला. शिकवण्यात त्याची खूण सतत दिसते. ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ असा सूर कुठेही लागत नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर २०१२ पासून हा कोर्स जगभरातल्या कुणालाही खुला आहे. व्याख्यानं, गृहपाठ, तपासणी आणि सीएस५०चं स्वतःचं प्रमाणपत्र, सगळं मोफत. एडएक्सचं ओळख पडताळलेलं प्रमाणपत्र हवं असेल तर त्याचे पैसे पडतात. नोकरीच्या दृष्टीने दोन्हींत फरक पडत नाही, त्यामुळे मोफत प्रमाणपत्र पुरे.

रचना अशी: आठवडा ० ते १०. सुरुवात स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या भाषेने, मग सी भाषा, अ‍ॅरे, अल्गोरिदम (काम सोडवायच्या पायऱ्या), मेमरी, डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायच्या रचना), त्यानंतर पायथन भाषा, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), वेब आणि फ्लास्क (पायथनमधून वेबसाइट बनवायचं साधन). शेवटच्या आठवड्याचा विषय अधूनमधून बदलतो. प्रत्येक व्याख्यान साधारण दोन तासांचं, सोबत ‘सेक्शन’ आणि ‘शॉर्ट्स’ म्हणजे छोटे व्हिडिओ, आणि मग प्रॉब्लेम सेट, म्हणजे त्या आठवड्याचा प्रोग्रामिंगचा गृहपाठ. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक प्रॉब्लेम सेटमध्ये आणि शेवटच्या प्रकल्पात किमान ७० टक्के गुण लागतात. कोर्सचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, पण केलेलं काम वाया जात नाही, ते पुढच्या वर्षात धरलं जातं. नोकरदारासाठी ही फार मोठी सोय आहे. कामाचा हंगाम आला, घरात आजारपण आलं, तरी धागा तुटत नाही. एखादा प्रॉब्लेम सेट नव्या वर्षी बदलला तर तेवढा पुन्हा करावा लागू शकतो, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सेट अर्धवट ठेवू नये.

‘आठवडा’ हा शब्द मात्र शब्दशः घेऊ नका. नोकरी करून आठवड्याला सात-आठ तास मिळत असतील तर सगळा कोर्स पाच ते सहा महिन्यांचा धरावा. आणि ते तास कसे मिळतात, हे किती मिळतात त्याहून महत्त्वाचं. रोज अर्धा तास ही पद्धत भाषा शिकायला चालते, सीमधला प्रॉब्लेम सेट सोडवायला चालत नाही. काल कुठे होतो हे आठवण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात आणि डोकं लागेपर्यंत वेळ संपतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांत व्याख्यान दोन तुकड्यांत बघावं, शॉर्ट्स बघावेत, प्रॉब्लेमचं वर्णन शांतपणे वाचून वहीत पायऱ्या लिहाव्यात. प्रत्यक्ष कोड सुट्टीच्या दिवशी, सलग अडीच-तीन तासांच्या बैठकीत. उठताना शेवटच्या ओळीखाली कमेंटमध्ये (संगणक वगळतो अशा टिपेत) लिहून ठेवावं: काय चालतंय, काय बिघडलंय, पुढे काय करून बघायचं. या एका सवयीने पुढच्या बैठकीचा बराच वेळ वाचतो.

पहिला अडथळा लवकर येतो. आठवडा १ मधल्या ‘क्रेडिट’मध्ये कार्डाचा तेरा ते सोळा आकडी क्रमांक घ्यायचा असतो. तो इंट या पूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात मावत नाही, त्याहून मोठा लाँग लागतो. आठवडा २ च्या ‘रीडेबिलिटी’मध्ये कोलमन-लिआउ सूत्र वापरून मजकूर कितव्या इयत्तेच्या पातळीचा आहे ते काढायचं असतं. तिथे अक्षरांच्या पूर्णांकाला शब्दांच्या पूर्णांकाने भागलं की सी भाषा दशांश भाग टाकून देते. सूत्र बरोबर, उत्तर चूक. भागाकाराआधी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येच्या प्रकारात, रूपांतर केलं की सुटतं. अशा चुका हाच इथला खरा अभ्यासक्रम आहे.

आठवडा ३ मध्ये ‘रनऑफ’ आणि ‘टाइडमन’ या मतमोजणीच्या दोन पद्धतींवरच्या कामांपैकी एकच करायचं असतं. जाणकार म्हणवणारे टाइडमनच करा म्हणतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने आधी रनऑफ सोडवून पुढे जावं. टाइडमनमध्ये कोणी कोणाला हरवलं अशा उमेदवारांच्या जोड्या ‘लॉक’ (पक्क्या) करताना चक्र तयार होतंय का ते शोधायचं असतं, आणि बहुतेकांचा कोड फक्त एक पायरी पुढे बघतो. ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने पुन्हा ‘अ’ला हरवलं, हे पकडायला रिकर्शन, म्हणजे कोडने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, पक्कं समजलेलं लागतं. ते आठवडा ५ नंतर सोपं जातं. तेव्हा परत येऊन करता येतं, आणि दोन्ही जमा केले तर जास्त गुणांचं धरलं जातं.

खरी परीक्षा आठवडा ४ आणि ५. अर्धवट सोडणारे बहुधा इथेच सोडतात. या दोन आठवड्यांना मिळून महिना-सव्वा महिना द्यायची तयारी ठेवावी. ‘रिकव्हर’ हे त्यातलं सर्वांत सुंदर काम: कॅमेऱ्याच्या कार्डाची एक कच्ची फाइल देतात आणि तिच्यातून पुसलेले फोटो परत काढायला सांगतात. फाइल ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत वाचायची. ठोकळ्याचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ (सोळाच्या पायात लिहिलेल्या संख्या) असतील आणि चौथा ई० ते ईएफच्या दरम्यान असेल, तर तिथे नवा जेपेग (फोटोची फाइल) सुरू होतो. नवा सुरू झाला की जुना बंद करायचा. ०००.जेपीजी पासून ०४९.जेपीजी पर्यंत पन्नास फोटो निघतात. चुकतं कुठे? फाइलचं नाव साठवायला सात जागा ठेवल्या जातात, लागतात आठ, कारण नाव संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट विसरला जातो. आणि लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) संपल्यावर शेवटची फाइल बंद करायची राहते.

‘स्पेलर’मध्ये १,४३,०९१ शब्दांचा शब्दकोश हॅश टेबलमध्ये (शब्दावरून ‘हॅश’ हा आकडा काढून कप्पा ठरवणाऱ्या रचनेत) भरून मजकुरातल्या चुकलेल्या शब्दांची यादी काढायची असते. दोन गोष्टी सांभाळल्या तर निम्मा त्रास वाचतो. पहिली, हॅश काढताना अक्षर आधी लहान करून घ्या, नाहीतर मोठ्या लिपीतला तोच शब्द भलत्याच कप्प्यात शोधला जातो. दुसरी, अनलोड करताना, म्हणजे शेवटी मेमरी परत करताना, नोड (साखळीतली एक कडी) मोकळा करण्याआधी पुढच्या नोडचा पत्ता वेगळ्या पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या जागेत) धरून ठेवा. मोकळ्या केलेल्या मेमरीतून पुढचा पत्ता वाचायला गेलात की प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि असा दोष शोधण्यात संध्याकाळ जाते. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅल्ग्राइंड शेवटी नको, प्रत्येक फंक्शन (कोडचा एक स्वतंत्र तुकडा) लिहून झालं की चालवा.

क्षेत्र बदलणाऱ्याच्या मनात नेमकं इथेच काहीतरी घडतं. दहा-बारा वर्षं आपल्या कामात तरबेज असलेला माणूस चेक५० या काम आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामच्या लाल ओळींसमोर बसतो आणि पुन्हा नवशिका होतो. ते सोपं नसतं. दोन बैठका काहीच हलत नाही, तिसऱ्या बैठकीत एक ओळ बदलते आणि सगळं चालतं. त्या क्षणी पुढचा प्रॉब्लेम उघडावासा वाटला, तर क्षेत्र बदलण्याचा विचार पुढे न्यावा. दर वेळी फक्त सुटका झाल्यासारखं वाटत असेल, तर तेही तितकंच मोलाचं उत्तर आहे. डेटा, डिझाइन, चाचणी, प्रकल्प व्यवस्थापन अशा वाटा उरतातच, आणि हातची नोकरी गेलेली नसते.

पायथनला पोचल्यावर मोकळा श्वास मिळतो. सीमध्ये रक्त आटवून लिहिलेला स्पेलर मॅलन व्याख्यानात मोजक्या ओळींत लिहून दाखवतात. तो धावतो हळू, पण लिहून होतो झटकन, आणि ही देवघेव का होते हे तोवर आतून समजलेलं असतं. थेट पायथनपासून सुरू करणाऱ्यांना ही समज उशिरा येते. आठवडा ७ चं ‘फिफ्टीव्हिल’ हे एसक्यूएलचं चोरी-तपासाचं कोडं. हिशेब, नोंदी, अहवाल यांची सवय असलेले लोक इथे एकदम पुढे जातात. ‘फायनान्स’मध्ये शेअर खरेदी-विक्रीची वेबसाइट बनवायची असते. तिथे प्रत्येकाकडे आत्ता किती शेअर आहेत एवढाच आकडा टेबलात ठेवला तर इतिहासाचं पान बनवताच येत नाही. प्रत्येक व्यवहाराची स्वतंत्र ओळ ठेवा आणि शिल्लक बेरजेने काढा. फॉर्ममधल्या रकान्यांची नावं वर्णनात दिली आहेत तशीच हवीत, नाहीतर चेक५० नापास करतं.

सॉफ्टवेअरची सोय उत्तम. ब्राउझरमध्ये व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळाचं खातं लागतं. कार्यालयाच्या संगणकावर बंधनं असणाऱ्यांना याचा मोठा आधार. बराच काळ न उघडलेली कोडस्पेस (गिटहबवरची आपली कामाची जागा) हटवली जाऊ शकते, म्हणून काम जमा करणारं सबमिट५० नियमित वापरावं. जमा केलेलं काम गिटहबवर सुरक्षित राहतं. एआयबद्दलचा नियम स्पष्ट आहे: कोर्सचं स्वतःचं एआय बदक (बदकाच्या रूपातला मदतनीस) चालतं, चॅटजीपीटी किंवा कोपायलटकडून उत्तरं घेणं चालत नाही. बदक थेट उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारून वाट दाखवतं. नियम पाळावा, कारण अडकून बसण्याची सवय लागली नाही तर या कोर्सातून हाती काहीच उरत नाही.

उणिवा आहेत. चार जणांनी एकाच कोडवर काम कसं करायचं, ब्रँच आणि मर्ज (कोडची वेगळी शाखा काढून ती पुन्हा जोडणं), दुसऱ्याचा जुना कोड वाचणं, स्वतः चाचण्या लिहिणं, हे इथे जवळजवळ येत नाही, आणि पहिल्या नोकरीत रोज तेच लागतं. आठवडा ८ चा वेबचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, जावास्क्रिप्ट पुढे वेगळी शिकावीच लागते. वेबकडे जायचं असेल तर त्यानंतर सीएस५० वेब, डेटाकडे जायचं असेल तर सीएस५० एसक्यूएल घ्यावा. एकदम दोन नकोत.

शेवटच्या प्रकल्पाला मात्र घाई करू नका. कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप हजारोंनी बनवलंय. परिचारिकेने पाळ्यांचं वेळापत्रक लावणारं, शिक्षकाने प्रश्नपेढीतून समतोल प्रश्नपत्रिका काढणारं, गोदाम सांभाळणाऱ्याने साठा संपण्याआधी सूचना देणारं काही बनवावं. जुन्या पेशातली अडचण आतून माहीत असते आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं. सोबत रीडमी लागतं: कोणती फाइल काय करते, कोणता निर्णय का घेतला, हे काही परिच्छेदांत. व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत हवा, आणि त्यात प्रकल्पाचं नाव, तुमचं नाव, गिटहब व एडएक्सची वापरकर्ता नावं, शहर-देश आणि तारीख दिसायला हवी. यातलं काही राहिलं तर महिनाभराचं काम परत येऊ शकतं, तेव्हा रेकॉर्डिंगआधी ही यादी कागदावर लिहून समोर ठेवा.